सांगलीच्या आमराईत पोरांना पाखरं-किडे दाखवायचे तर असं जा

मागच्या मे मध्ये आम्ही सहाजण आमराईत गेलेलो, सकाळी अकरा वाजता, ऊन डोक्यावर, अख्खी बाग पालथी घातली आणि दिसलं काय तर दोन कावळे आणि एक पेंगणारं कुत्रं. चूक आमचीच. यंदा टाइम बदलला आणि बघा, पोरं घरी यायला तयार नव्हती.

तर उजाडल्या उजाडल्या पोचायचं. साडेआठनंतर पाखरं सावलीत गप्प बसतात. मोबाईल सायलेंट, आणि भडंगाची पिशवी आत्ताच फोडायची नाही, तिच्या कुरकुरीनं निम्मी बाग उडून जाते. फिरू पण नका, एक मोठं झाड पकडायचं आणि वीस मिनिटं खाली बसायचं, आमची आई गुडघ्यामुळं बसून राहिली आणि सगळ्यात जास्त तिलाच दिसलं.

आधी कानानं शोधायचं. टुक टुक टुक एकसारखं ठोकल्यागत आलं की तो तांबट पक्षी, रंगानं पानात मिसळतो, म्हणून सुकलेल्या फांद्यांवर बघा, तिथंच तो ढोली कोरतो. कोकीळ ओरडतोय आणि कावळे त्याच्यामागं लागलेत असं दिसलं तर पोरांना सांगा की कोकिळा अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, म्हणून ही भांडणं. वड-पिंपळाला फळं असतील तर मोठ्या वाकड्या चोचीचा राखी धनेश पण येतो, नशीब पाहिजे. सरडा दिसला, डोकं-गळा लालभडक, आणि जोर काढल्यागत वरखाली करतोय, तर तो नर, मादीसमोर आणि दुसऱ्या नरासमोर शायनिंग मारतोय. रक्त पितो वगैरे काही नाही, दगड मारू देऊ नका.

पण आमच्या पोरांना खरं याड लागलं ते जमिनीवर. भिंतीच्या कडेला, बाकाखाली, जिथं कोरडी भुसभुशीत माती असते तिथं रुपयाच्या नाण्याएवढे नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. तळाशी अँटलायन नावाच्या किड्याची अळी मातीत लपून बसलेली असते, मुंगी घसरली की खालून माती उडवते आणि जबड्यात धरते. गवताची वाळकी काडी घ्यायची आणि काठावरची माती हळूच, एकदम हळूच पाडायची. मुंगीच आली समजून ती कधीकधी मातीचा फवारा मारते, धाकटा असा दचकला की मागं बसलाच. ओंजळीत घेतली तर उलटी चालत मातीत घुसते, बघून परत तिथंच सोडा. मोठी झाली की चतुरासारखे पंख येतात हे ऐकून थोरलीचा विश्वासच बसेना.

हे बघायचं तर जूनच्या आत जा, पाऊस लागला, माती भिजली की उघड्यावरचे खड्डे गायब.

ऊन चटकायला लागलं की उठायचं. गेटबाहेर आलात की मग फोडा भडंग.