राईस मिलच्या ईटीपीवर (सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर) हायपो हाताळताना

भाऊ, हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पिवळसर पाणी दिसते म्हणून पोरं त्याले हलकं घेतात. बाजारातला माल साधारण 10 ते 12 टक्क्यांचा असते. आपल्या इकडं मे महिन्यात पारा 45 वर जाते, तेव्हा कॅन टिनाच्या शेडखाली ठेवले की माल मरते, म्हणजे त्याचा जोर कमी होते, आन वरून आत गॅस धरते, झाकण टम्म फुगते. म्हणून सावलीत, हवेशीर जागी ठेवा, गॅस निघणारंच झाकण लावा, अन् उघडताना तोंड बाजूले करून हळूच फिरवा.

सगळ्यात मोठी गोष्ट, हायपो आन अॅसिड कधीच एकत्र येऊ द्यायचं नाई, क्लोरीन निघते. पीएसी (पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड, पाण्यातला गाळ बसवायचं रसायन), तुरटीचं पाणी हेही आम्लीच असते बरं का! आमच्याकडं एका पोरानं पीएसीचाच मग हायपोच्या ड्रममधे बुडवला, नाकात झणकन गेलं अन् सगळे खोकत बाहेर. तेव्हापासून दोन मग, दोन रंग. क्लोरीन हवेपेक्षा जड, खाली बसते, म्हणून खड्ड्यात, नालीत उतरू नका, वारा येते त्या बाजूले अन् उंचावर पळा.

रबरी हातमोजे, गॉगल, अॅप्रन घाला, तोंडाले दुपट्टा बांधून भागत नाई. सांडलं तर भुसा, कोंडा टाकू नका, रेती टाका. डोळ्यात गेलं तर 15 मिनिटं नळाखाली धुवा, घड्याळ लावून, मग सरळ दवाखाना.