नवीन जॉबसाठी ऑफिसचे कपडे : लोकलमध्ये टिकतील आणि खिशाला परवडतील असे

ऑफर लेटर आलं की घरचे सगळे मागे लागतात, आता चांगले पाच-सहा फॉर्मल घेऊन टाक म्हणून. माझं ऐकाल तर जॉइन व्हायच्या आधी दोन पँटी आणि तीन शर्ट किंवा कुर्ते घ्या, बास. पहिला आठवडा त्यावर आरामात निघतो, आणि तोवर तिथे लोक खरंच काय घालतात ते कळतं, कारण मेलमध्ये फॉर्मल लिहिलेलं असतं आणि अर्धी टीम जीन्सवर असते, किंवा बरोबर उलटं. बाकीची खरेदी पगार झाल्यावर.

मुंबईत ऑफिसचा कपडा घेताना पहिला विचार लोकलचा करायचा. विरार नाहीतर डोंबिवलीहून तासभर गर्दीत उभं राहून यायचं, घामाने पाठ भिजलेली, आणि वर ऑफिसात थंडगार एसी, हे सगळं एकाच कपड्याने झेलायचं असतं. म्हणून ट्रायल रूममध्ये नुसतं आरशात बघून बाहेर येऊ नका. ट्रेनचं हँडल धरतो तसा हात वर करा. शर्ट पँटीतून पूर्ण बाहेर आला, काखेत ताणला, कुर्ता वर चढला, तर कितीही छान दिसत असला तरी ठेवून द्या. मग खाली बसून बघा, पँट पोटात रुतते का, मांडीवर आवळते का. मुलींनी शर्ट घेताना छातीजवळ दोन बटणांच्या मधे फट पडते का ते बसूनच बघायचं, थोडीशीच पडत असेल तर आतून एक टिचबटण लावून घेतलं की काम झालं.

कापड कळत नसेल तर एक कोपरा मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडा, चुरगळलेलाच राहिला तर दादरला उतरताना तुमचा अवतार काय असेल ते तिथेच दिसतं. प्युअर लिनन याच कारणासाठी मी नको म्हणेन, शिवाय महाग. शंभर टक्के पॉलिस्टर स्वस्त मिळतं, इस्त्री लागत नाही, पण मे महिन्यात अंगाला चिकटतं आणि वास धरतं. शर्टाला कॉटन किंवा कॉटन जास्त असलेलं मिक्स, पँटीला थोडी लायक्रा (ताणणारा धागा) असलेलं कॉटन, हे सगळ्यात सोयीचं. आतल्या शिवणीला लेबल असतं, ते वाचाच. आणि रंग! फिका ग्रे आणि आकाशी यांवर घामाचे डाग लगेच उठून दिसतात, पांढरा, नेव्ही, काळा किंवा बारीक प्रिंट यांवर तेवढे दिसत नाहीत. पँट गडदच घ्या.

रेडीमेडसाठी झुडिओ, मॅक्स, ट्रेंड्स ठीक आहेत, झुडिओत तर जवळपास सगळं हजाराच्या आत. फॅशन स्ट्रीटला घासाघीस करायला मजा येते पण स्टॉलवर घालून बघायची सोय नसते, त्यामुळे घरच्या नीट बसणाऱ्या पँटीची कंबर, सीट (म्हणजे बसायच्या जागेचा घेर) आणि लांबी मोजून जा, पर्समध्ये टेप ठेवा.

पण अंगाचं माप जरा वेगळं असेल, रेडीमेड कुठेतरी अडतंच असेल, तर सरळ कापड घेऊन शिवा. सीएसएमटीजवळचं मंगलदास मार्केट (रविवारी बंद) नाहीतर दादर पूर्वेचं हिंदमाता, जिथे मुसळधार पावसाच्या दिवशी अजिबात जाऊ नका, पाणी भरतं. मध्यम बांध्याला फुल शर्टला ३६ इंची पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) सव्वादोन मीटर, पँटीला ५८ इंचीचं सव्वा मीटर आणि कुर्त्याला ४४ इंचीचं अडीच मीटर कापड साधारण पुरतं, तरी निघण्याआधी आपल्या टेलरला विचारा. कॉटन शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आखडतं. आणि टेलरला शिवणीत दाब, म्हणजे आत थोडं जास्तीचं कापड, ठेवायला सांगा, पुढे वजन वाढलं तर कपडा सोडवता येतो. रेडीमेड पँट सुद्धा सीटला नीट बसणारी घ्यायची, कंबर मोठी वाटली तर गल्लीतला अल्टरवाला आत घेऊन देतो, पण सीटला घट्ट असलेली पँट मोठी करायला आत कापडच नसतं.

पावसाळ्यात घोट्यापर्यंतच्या पँटी बऱ्या, खालची किनार चिखलात जात नाही. प्रवासाला रबरी चपला, चांगले बूट ऑफिसात ठेवा, आणि ड्रॉवरमध्ये कपड्यांचा एक कोरडा जोड आणि एसीसाठी पातळ जॅकेट किंवा स्टोल असू द्या. जूनमध्ये जॉइन होत असाल तर उरलेली खरेदी जुलैच्या सेलपर्यंत थांबवा, दुसरा मोठा सेल डिसेंबरच्या शेवटाला सुरू होऊन जानेवारीत असतो, आणि शक्यतो वीकडेला जा कारण शनिवार-रविवारी ट्रायल रूमच्या लाइनीत हात वर करून, बसून बघायला कोणी वेळ देत नाही.