डाळिंबाला ताण देताना दिवस मोजू नका, पान बघा

पाणी तुटलं की डाळिंब शेंड्याची वाढ थांबवतं, पानांची रंध्रं मिटून घेतं आणि तयार झालेलं अन्न काडीत साठवतं. पुढचं फूल त्या साठ्यावरच येतं. म्हणून ताण द्यायचा, म्हणजे बागेचं पाणी काही आठवडे मुद्दाम बंद ठेवायचं. इथं सांगतोय ते ताणानंतर जानेवारीत पुन्हा पाणी सुरू करून धरायच्या आंबे बहाराचं (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम).

दोन वर्षांच्या आतल्या झाडांना ताण नको. तोडणीनंतर विश्रांतीच्या काळात शेणखत, खत आणि पाणी व्यवस्थित मिळालेलं असावं. काडीत साठाच नसेल तर ताण देऊन फक्त झाड खंगतं.

आता पाणी तोडणं. हलक्या मुरमाड रानात एकदम बंद करू नका, आठवडाभर कमी करत आणा. काळ्या रानात सरळ बंद करा.

ताण बसला कधी, हे ओळखणं मला सगळ्यात अवघड गेलं, आणि सल्ले सगळ्यात वाईट मिळतात तेही इथंच. कुणी सांगतं तीस दिवस, कुणी पंचेचाळीस. एकाच बागेत वरचं मुरमाड टोक महिन्यात पिवळं पडतं आणि खालच्या काळ्या पट्ट्याला दोन महिनेही लागतात. त्यामुळे आकडा विसरा आणि प्रत्येक पट्टा वेगळा बघा.

दुपारी पान मलूल होऊन संध्याकाळी ताठ होत असेल तर ताण अजून कोवळा आहे. जुनी पानं पिवळी पडून गळू लागली, शेंड्याला नवी पालवी दिसेना आणि ठिबकच्या नळीखाली फूटभर खोलची माती मुठीत दाबली तरी गोळा होईना, की ताण बसला. मात्र पहाटेही पान मलूल दिसलं किंवा कोवळ्या काड्या शेंड्याकडून वाळू लागल्या, तर त्याच दिवशी हलकं पाणी द्या. तिथं अजून चार दिवस थांबणं म्हणजे फांद्या गमावणं.

दुसरी चूक म्हणजे इथरेलची घाई; इथरेल म्हणजे पानं गाळणारं औषध. झाड हिरवंगार असताना जादा मात्रा मारून पानं पाडू नका. पानं गळतात, पण फुलाऐवजी पालवी फुटते आणि काड्याही मरतात. निम्मी पानं पिवळी झाल्यावरच फवारा: लिटरला ५ ग्रॅम डीएपी खत आणि ३९ टक्क्यांचं इथरेल १ ते २.५ मिली. पिवळेपणा जास्त, तर मात्रा कमी. अवकाळी पावसाने ताण मोडला असेल तर पान पुन्हा पिवळं होईपर्यंत थांबा, बहार पंधरा दिवस मागे गेला तरी चालेल.

पानगळ झाली की हलकी छाटणी करा, गळलेला पाला गोळा करून बागेबाहेर न्या, एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारा, बेसल डोस, म्हणजे बहाराच्या सुरुवातीचं खत, मातीत भरा.

पहिलं पाणी हलकंच सोडा. एकदम भरपूर सोडलं तर पालवीच जोर धरते. कळ्या दिसू लागल्या की पाणी टप्प्याटप्प्याने वाढवत न्या.