सत्तरी पार केलेल्यांचं आयुष्मान कार्ड कसं काढावं

घरात सत्तर पूर्ण केलेलं कुणी असेल, तर हे काम माणूस धडधाकट असतानाच उरका. पेशंट कॅज्युअल्टीत आणि घरचे ओटीपी शोधतायत, अशी वेळ कुणावरही येऊ नये.

केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ मिळतं. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून. कुटुंबाकडे आधीच आयुष्मान कार्ड असलं, तरी ज्येष्ठांसाठी हे नवं कार्ड काढाच, कारण त्यांचे ५ लाख वेगळे असतात.

आधी आधार कार्ड तपासा. वय त्यावरूनच धरतात. आपल्याकडे कितीतरी म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख अंदाजानेच लिहिलेली असते. वय कमी लागलं असेल, तर पुरावा घेऊन आधार केंद्रात दुरुस्ती करून घ्या. मोबाईल नंबरही जोडून घ्या.

मग फोनवर ‘आयुष्मान’ ॲप उघडा. ७० वर्षांपुढच्यांची नोंदणी निवडा, आधार नंबर टाका, ई-केवायसी करा, म्हणजे आधारवरून ओळख पटवा. शेतात, धुण्याभांड्यांत राबलेल्या हातांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. अशा वेळी ओटीपी किंवा चेहरा ओळखण्याचा पर्याय घ्या. पुढे फोटो आणि घरच्यांची माहिती भरली, की मंजुरीनंतर कार्ड डाउनलोड होतं. फोन जमत नसेल, तर सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं केंद्र) किंवा योजनेतल्या रुग्णालयात करून मिळतं.

सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना), ईसीएचएस (माजी सैनिकांची) असणाऱ्यांना ती योजना किंवा ही, एकच निवडावी लागते. ईएसआय (कामगार विमा) किंवा खासगी पॉलिसी असेल, तर अडचण नाही.

जुना मधुमेह, हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरले जातात. ओपीडीचा खर्च मात्र मिळत नाही, ॲडमिट व्हावं लागतं. म्हणून रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी विचारा. तिथे गेल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी नेमलेल्या मदतनीसाला गाठा आणि कार्ड दाखवा. योजनेत बसणाऱ्या उपचाराला कुणी डिपॉझिट मागितलं, तर पैसे भरण्याआधी योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर फोन करा.

सत्तरीच्या आतल्यांनी महाराष्ट्रात रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.