खाऱ्या पाण्याच्या छोट्या मत्स्यटाकीतील उपद्रवी ॲनिमोन : या चुका टाळा

दगडाच्या कपारीतून सेंटिमीटरभर उंचीचा, तपकिरी, अर्धपारदर्शक देठ आणि त्यावर टोकदार भुजांचा झुपका डोकावू लागला, तर तो बहुधा ऐप्टेसिया, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक समुद्री प्राणी (ॲनिमोन) असतो. प्रवाळांना डंख करून त्यांची जागा बळकावणारा हा जीव दिसताच तो उपटून काढावासा वाटतो आणि बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते. कोथरूडच्या घरातील ६० लिटरच्या टाकीत मीही चिमटा वापरला होता. स्पर्श होताच तो छिद्रात आक्रसला, पांढरे बारीक दोरे बाहेर आले, हाती फक्त वरचा तुकडा लागला आणि ३ आठवड्यांत त्याच दगडावर ७ ॲनिमोन उभे राहिले. दगडाला चिकटून राहिलेल्या तळव्याच्या लहानशा कणापासूनही नवा जीव वाढतो, त्यामुळे खरवडणे, घासणे किंवा कात्रीने कापणे म्हणजे स्वतःच्या हाताने त्यांची पेरणी करणे होय.

चुन्याची पेस्ट हा लहान टाकीसाठी मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय आहे. मात्र पानाच्या टपरीवरचा ओला चुना वापरू नये, कारण त्यात काय मिसळले आहे हे कळत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड आरओच्या पाण्यात घट्ट दह्याइतकी कालवावी, पंप बंद करावा, ॲनिमोनला कोळंबीचा कण देऊन पूर्ण उघडू द्यावे आणि बोथट सुईच्या सिरिंजने पेस्ट त्याच्या तोंडावर अलगद सोडावी. सुईने त्याला डिवचले तर तो आत जातो आणि सारे श्रम वाया जातात. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेली पेस्ट नळीने ओढून घ्यावी आणि पंप आठवणीने सुरू करावा. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पाणी तापलेले असते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हे काम मी सकाळीच करते. सर्व ॲनिमोनवर एकाच दिवशी पेस्ट घालण्याचा मोह मात्र आवरावा, कारण थोड्या पाण्यात चुन्याने पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) झपाट्याने चढतो आणि त्याची झळ माशांना बसते. दिवसाला दोन-तीन पुरेत.

पेपरमिंट कोळंबी ऐप्टेसिया खाते म्हणून कामाची आहे, पण तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी घरी येणार नाही याची खात्री करावी. कॅमल कोळंबीच्या पाठीला कुबड असते, तांबड्या पट्ट्यांमध्ये ठळक पांढऱ्या रेघा असतात आणि ती प्रवाळांनाही तोंड लावते. खरी पेपरमिंटसुद्धा पोट भरलेले असेल तर ऐप्टेसियाकडे फिरकत नाही, म्हणून माशांचे खाणे आवरते घ्यावे. उरलेल्या अन्नावर ॲनिमोनही पोसले जातात. बर्गिया ही समुद्री गोगलगाय ऐप्टेसियाच खाते, त्यामुळे ते संपल्यावर ती उपाशी मरते; शिवाय मजानो जातीच्या, आखूड आणि फुगीर टोकांच्या ॲनिमोनवर तिचा उपयोग होत नाही. ऐप्टेसिया खाणाऱ्या कॉपरबँड बटरफ्लाय माशाला तर एवढ्याशा टाकीत आणूच नये, तो त्याच्यावर अन्याय आहे.

ॲनिमोन मारण्यासाठी माशांचे तांबेयुक्त औषध टाकीत ओतल्यास कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ आधी मरतात. दगड उकळणे तर सर्वांत धोक्याचे, कारण त्यावर झोअँथिड (प्रवाळांसारखे दगडावर पसरणारे जीव) असतील तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे जहाल विष घरभर पसरू शकते आणि माणसांवर रुग्णालयात जाण्याची वेळ येते.

हौशी मंडळी एकमेकांना प्रवाळाचे तुकडे देतात, त्यांच्या प्लगखाली (तुकडा ज्यावर चिकटवतात त्या छोट्या चकतीखाली) अनेकदा एखादा पिटुकला ऐप्टेसिया दडलेला असतो. प्लग काढून टाकावा आणि तुकडा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. दगडांची पुढची बाजू स्वच्छ दिसू लागल्यावरही फिल्टरचा कप्पा, पंपाची जाळी आणि दगडांची मागची बाजू टॉर्चने पाहावी, कारण अंधारात हा ॲनिमोन रंग गमावून जवळजवळ पारदर्शक होतो, पण जिवंत राहतो.