डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी शाळेकडे मदत मागताना

तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, वाचायला दिलं की अडतो आणि लिहायला बसवलं की अर्धं पान कोरं. बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात अशी अडचण येणं म्हणजे डिस्लेक्सिया. अशा मुलासाठी शाळेकडे मदत मागायची असेल, तर वर्गाच्या दारात शिक्षकांशी झालेल्या बोलण्यावर विसंबू नका. बोलणं मनापासून झालेलं असलं तरी त्याची नोंद कुठेच राहत नाही आणि शिक्षक बदलले की सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. अर्ज लेखीच द्यायचा.

त्याआधी तीन-चार आठवडे नोंदी करा. मुलाने कधीच न वाचलेला, त्याच्या इयत्तेचा उतारा घ्या. एक मिनिट मोठ्याने वाचू द्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. हे आठवड्यातून एकदा, दर वेळी नव्या उताऱ्यावर. शिकवून झालेला धडा नको, कारण अशी बरीच मुलं चित्रं पाहून आणि आठवणीच्या जोरावर धडा वाचून दाखवतात, मग आकडा फसवा येतो. चुका जशाच्या तशा टिपा: ‘प्रकाश’चं ‘पकाश’, गळलेली मात्रा, ‘घ’च्या जागी ‘ध’, पहिल्या अक्षरावरून अंदाजाने ठोकलेला भलताच शब्द. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र यात धरू नका, त्या सगळ्यांच्याच होतात. श्रुतलेखनाची पानं तारखेसह जपून ठेवा. धड्यावरचे प्रश्न तोंडी विचारून मिळालेली उत्तरं आणि वहीतली उत्तरं शेजारी-शेजारी ठेवली, की अडचण समजण्यात नाही हे समोरच्याला लगेच दिसतं.

याच काळात डोळे आणि कान तपासून घ्या. डिस्लेक्सियाचं मूळ डोळ्यांत नसतं. बहुतेक मुलांची अडचण शब्दातले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात असते. पण नजर कमी असेल किंवा कमी ऐकू येत असेल तर पुढची चाचणी चुकते.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, एका पानाचा. अडचण काय, केव्हापासून, आतापर्यंत काय करून पाहिलं आणि नेमकी मागणी काय, एवढंच लिहा: ‘वाचन, लेखन आणि शुद्धलेखनाचं सविस्तर मूल्यमापन करावं आणि त्यानंतर आमच्यासोबत बैठक घ्यावी.’ नोंदी सोबत जोडा. दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख आणि शिक्का घेऊन पोच ठेवा. ‘थोडं थांबू, वयानुसार येईल,’ असं उत्तर मिळालं, तर थांबण्याच्या काळात कोणती मदत देणार आणि कोणत्या तारखेला पुन्हा मोजणार, हे लेखी विचारा. नुसतं थांबणं महागात पडतं: वाचायला जड जातं म्हणून मूल कमी वाचतं, आणि कमी वाचल्यामुळे आणखी मागे पडतं.

मूल्यमापनाच्या अहवालात फक्त बुद्ध्यांक असेल तर तो अपुरा आहे. ध्वनींची जाण, अर्थहीन शब्दांचं वाचन, वाचनाचा वेग, शुद्धलेखन आणि ऐकून समजणं, या सगळ्याच्या चाचण्या हव्यात. ‘तपुम’सारखा शब्द पाठ असूच शकत नाही, म्हणून तो वाचता येतो का यावरून बरंच कळतं. अशा बहुतेक चाचण्यांत सरासरी गुण 100 धरतात आणि साधारण दोन तृतीयांश मुलं 85 ते 115 मध्ये येतात. पर्सेंटाइल 7 म्हणजे 7 टक्के मार्क नव्हेत. त्या वयाच्या 100 मुलांपैकी साधारण 7 जणच त्या पातळीवर किंवा तिच्या खाली आहेत, असा त्याचा अर्थ. एकूण गुणांवर थांबू नका. शब्द बरोबर वाचणारं पण फार सावकाश वाचणारं मूल एकूण बेरजेत लपून जातं. मूल दोन भाषांत शिकत असेल तर दोन्हींत तपासणी मागा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. सवलती आणि शिकवणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि मूल्यमापनानंतरच्या बैठकीत ठरणाऱ्या मदतीच्या लेखी आराखड्यात दोन्ही स्वतंत्र लिहून घ्यायला हव्यात. जादा वेळ, लेखनिक, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, या सवलती. त्यांनी मुलाला जे येतं ते कागदावर उतरतं, पण वाचन त्यामुळे सुधारत नाही. वाचन सुधारतं ते प्रशिक्षित विशेष शिक्षकाने ध्वनी आणि अक्षर यांचं नातं क्रमाने, उघडपणे, भरपूर उजळणी घेत शिकवल्याने. बऱ्याच शाळा नुसत्या सवलती देऊन थांबतात.

म्हणून आराखड्यात कोण शिकवणार, आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटं आणि गटात किती मुलं हे आकड्यांत हवं. आठवड्यातून चार दिवस, 30 ते 40 मिनिटं आणि जास्तीत जास्त तीन मुलं, एवढी मागणी धरून बोला. ‘वाचनात सुधारणा होईल’ हे उद्दिष्ट मोजताच येत नाही. ‘आज नव्या उताऱ्यात मिनिटाला 32 शब्द बरोबर, 12 आठवड्यांनी 45’, हे येतं. हा तास राहिलेला गृहपाठ उरकण्यात किंवा चुकलेला शब्द दहादा लिहिण्यात जाणार नाही, हेही ठरवून घ्या. रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम सुचवले गेले तर नम्रपणे नाही म्हणा. त्यांनी डिस्लेक्सियात वाचन सुधारत नाही. खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला मुलाला बाहेर काढू देऊ नका. दिवसभरात तो चमकतो असा तेवढाच तास असू शकतो.

सवलतींचाही सराव लागतो. लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. ते थेट वार्षिक परीक्षेत पहिल्यांदा केलं तर मूल गांगरतं. वर्गातल्या छोट्या चाचण्यांपासूनच सुरुवात व्हायला हवी.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बैठक मागा आणि दर आठवड्याचे आकडे समोर ठेवा. चढ दिसत नसेल तर मिनिटं वाढवा, गट लहान करा किंवा पद्धत बदला. मूल प्रयत्न करत नाही हा निष्कर्ष मान्य करू नका. बैठकीआधी मुलालाही विचारा. ‘अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नये,’ एवढंच तो म्हणेल कदाचित. ते आराखड्यात त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयशिक्षकाच्या हातात त्याची एक प्रत द्या.