अंगावर वारंवार उठणारे पित्त : गोळी, वही आणि आमसूल

घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज सुटते, पाच-दहा मिनिटांत तिथे डास चावल्यासारखी गांध उठते, तिच्या शेजारी दुसरी उठते, मग दोन्ही एकमेकींत मिसळून नकाशासारखा फुगीर, लालसर चट्टा तयार होतो, आणि डॉक्टरांना दाखवावा म्हणून निघावे तर दवाखान्यात आपला नंबर लागेपर्यंत कातडी पुन्हा जशीच्या तशी झालेली असते. ज्यांच्या अंगावर वारंवार पित्त उठते, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मला हा त्रास सहा वर्षांपासून अधूनमधून आहे. त्यातली पहिली दोन वर्षे मी गोळी पित्त उठल्यावरच घेत होते आणि उरलेला वेळ ते कशाने उठले याचा शोध स्वयंपाकघरात घेत होते. या दोन्ही सवयी चुकीच्या होत्या.

घोळाची सुरुवात ‘पित्त’ या शब्दापासूनच होते. आयुर्वेदात याला शीतपित्त म्हणतात, त्वचारोगतज्ज्ञ अर्टिकेरिया म्हणतात. आधुनिक वैद्यकाप्रमाणे जळजळ, आंबट ढेकर किंवा यकृतातले पित्त यांच्याशी त्याचा थेट संबंध नाही. त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्या भडकल्या की हिस्टामिन आणि तत्सम द्रव्ये बाहेर टाकतात, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावून त्यांतला द्रव आजूबाजूला झिरपतो, कातडी फुगते आणि तिथल्या चेतातंतूंना खाज जाणवते. सहा आठवड्यांच्या आत थांबले तर ते तात्पुरते, आणि त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज किंवा येऊन-जाऊन उठत राहिले तर दीर्घकालीन, अशी विभागणी केली जाते. तात्पुरत्या प्रकारात जंतुसंसर्ग, एखादे औषध किंवा एखादा पदार्थ असे बाहेरचे कारण पुष्कळदा सापडते. दीर्घकालीन प्रकारात मात्र बऱ्याच रुग्णांमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच या पेशींना डिवचत असते, आणि म्हणून काल रात्री काय खाल्ले याची उजळणी करून हाती काही लागत नाही.

तरीही आधी हे पित्तच आहे याची खात्री करून घ्यावी. त्यासाठी बॉलपेन पुरेसे आहे. नव्याने उठलेल्या एका गांधीभोवती पेनाने गोल काढावा आणि शेजारी वेळ लिहावी. पित्ताची गांध त्या जागी 24 तासांपेक्षा जास्त टिकत नाही. ती विरते, डाग राहत नाही, नवी दुसरीकडे उठते. गोलातला चट्टा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, खाजेपेक्षा दुखत असेल किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेला असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. जांघेत, कमरेभोवती किंवा काखेत आठवडेच्या आठवडे राहणारे आणि कडेला खवले असलेले गोलाकार चट्टे हे बहुधा गजकर्ण असते. त्यावर मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले की खाज चार दिवस थांबते आणि बुरशी फोफावते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतले बारीक फोड आणि घरातल्या इतरांनाही तोच त्रास असेल तर खरूज समजावी. कोपरा-गुडघ्यांच्या वळणांत कोरडी, जाड होत गेलेली कातडी ही इसबाची खूण होय. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

फोटो काढून ठेवावेत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत कातडी स्वच्छ होते, तेव्हा मोबाइलमधले तीन-चार फोटो हाच आपला पुरावा असतो.

आता खाण्यापिण्याविषयी, कारण लग्नाच्या पंगतीत बाही वर सरकली की शेजारचे पाच जण पाच पदार्थ सोडायला सांगतात. वांगे, हरभऱ्याची डाळ, अंडे, शेंगदाणे, सुके मासे, आंबवलेले सगळे, अशी ही यादी वाढतच जाते. मीही एका प्रयोगशाळेत रक्ताची महागडी ॲलर्जी तपासणी करून घेतली, अहवालात आलेले अकरा पदार्थ पाच महिने कटाक्षाने टाळले, वजन उतरले, आणि पित्त मात्र ठरल्या वेळी, संध्याकाळी सातच्या सुमारास उठतच राहिले. खऱ्या अन्न-ॲलर्जीची ओळख साधी आहे : तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत त्रास होतो, आणि तो जवळपास दर वेळी होतो. कोळंबी खाल्ली की प्रत्येक वेळी ओठ सुजत असतील, तर कोळंबी सोडावी आणि डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पण कोळंबी खाऊन सात वेळा काही झाले नाही आणि आठव्या वेळी पित्त उठले, तर त्यात कोळंबीचा दोष असण्याची शक्यता फार थोडी आहे. दीर्घकालीन पित्तात सरसकट मोठ्या ॲलर्जी तपासण्या करू नयेत, असेच या विषयातले जाणकार सांगतात. सुरुवातीला रक्तपेशींची गणना आणि ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), आणि तज्ज्ञांना गरज वाटल्यास एकूण आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) व थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे, एवढ्यावर काम भागते.

याऐवजी एक छोटी वही करावी. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती गुणपद्धत घरी सहज जमते. गेल्या 24 तासांत गांधी उठल्या नसतील तर शून्य, वीसपेक्षा कमी असतील तर एक, वीस ते पन्नास असतील तर दोन, पन्नासहून जास्त किंवा मोठमोठे एकत्र आलेले चट्टे असतील तर तीन गुण लिहावेत. खाजेलाही तसेच : नाही, थोडी, त्रासदायक पण सहन होणारी, आणि झोप किंवा काम बिघडवणारी, यांना अनुक्रमे शून्य ते तीन. म्हणजे दिवसाचे जास्तीत जास्त सहा आणि आठवड्याचे 42 गुण होतात. आठवड्याची बेरीज सहा किंवा त्याहून कमी असेल तर आजार आटोक्यात आहे, 28 किंवा अधिक असेल तर तो तीव्र आहे. ‘जरा बरे वाटते’ या वाक्यापेक्षा ‘31 वरून 12 वर आले’ हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी उपयोगी पडते. त्याच पानावर मासिक पाळी, ताप-सर्दी, जागरण, मद्य आणि घेतलेली प्रत्येक वेदनाशामक गोळी यांची नोंद ठेवावी.

वेदनाशामकांकडे मुद्दाम लक्ष द्यावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या औषधांनी दीर्घकालीन पित्त असलेल्या काही जणांचा त्रास भडकतो, आणि कंबरदुखीसाठी मेडिकलमधून सहज आणलेल्या मिश्र गोळीत यांपैकी एखादे दडलेले असते. पाकिटावरचे घटक वाचावेत. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

काही जणांचे पित्त शारीरिक कारणांनी उठते, आणि इथे मात्र कारण शोधण्याचे चीज होते. पेनाच्या मागच्या बोथट टोकाने हातावर मध्यम दाबाने रेघ ओढावी. दहा मिनिटांत त्या रेघेवर फुगीर, खाजरा वळ उमटला तर घासण्याने उठणारे पित्त आहे. अशा माणसाने वज्री, खरखरीत पंचा आणि घट्ट इलॅस्टिक यांपासून दूर राहावे, परकराची नाडी रुंद पट्टीची करून घ्यावी, आणि नरक चतुर्दशीला उटणे लावायचेच असेल तर ते चोळू नये, नुसते लेपून धुवावे. माझ्या घरी यावरून दर दिवाळीला पहाटे पाच वाजता वाद होतो. भाजीची जड पिशवी मनगटावर अडकवून आणल्यावर चार-सहा तासांनी तिथे खोल, दुखरी सूज येत असेल तर तो दाबाचा प्रकार. पिशवीचे बंद रुंद असावेत किंवा सरळ पाठीवरची पिशवी वापरावी. भराभर जिना चढल्यावर किंवा कढत पाण्याने अंघोळ केल्यावर घामाबरोबर मोहरीएवढ्या बारीक गांधी उठणे हा शरीर तापण्याने होणारा प्रकार आहे. हिवाळ्यात दुचाकीवरून उतरल्यावर गाल आणि बोटे सुजत असतील तर गारठ्याचा प्रकार ओळखावा आणि त्याची पक्की तपासणी डॉक्टरांकडे करून घ्यावी. या शेवटच्या प्रकाराला हलके लेखू नये : सगळे अंग एकदम गार पाण्यात गेले तर रक्तदाब झपाट्याने उतरून बेशुद्धी येऊ शकते, म्हणून विहिरीत, नदीत किंवा तलावात एकट्याने उडी मारणे वर्ज्य समजावे.

उपचाराचा कणा म्हणजे झोप न आणणाऱ्या नव्या पिढीची अँटिहिस्टामिन गोळी. लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलॅस्टिन ही त्यांतली नेहमीची नावे आहेत. ही गोळी पित्त उठल्यावर घेण्यासाठी नसून ते उठू नये म्हणून रोज ठरल्या वेळी घेण्यासाठी आहे, ही गोष्ट मला कोणीतरी पहिल्याच महिन्यात ठणकावून सांगायला हवी होती. हिस्टामिन आपल्या जागी चिकटण्याआधी ती जागा औषधाने अडवलेली असावी लागते. गांधी उठल्यावर गोळी घेणे म्हणजे पाहुणे खुर्च्यांवर बसल्यानंतर त्या राखून ठेवायला जाणे. दोन ते चार आठवडे रोज घेऊनही वहीतले गुण उतरले नाहीत तर डॉक्टर तीच गोळी वाढवत चौपट मात्रेपर्यंत नेऊ शकतात. ही वाढ आपल्या मनाने करू नये; मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण किंवा स्तनपान असेल तर आधी सांगावे. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतल्यास कमी शोषले जाते, म्हणून ते पाण्याबरोबर घ्यावे. बिलॅस्टिन उपाशीपोटी घ्यायचे असते. घराघरांत ठेवलेल्या जुन्या झोपाळू गोळ्या, म्हणजे फेनिरामिन किंवा क्लोरफेनिरामिन, रोजच्या वापरासाठी योग्य नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी डोके जड राहते आणि वाहन चालवणे धोक्याचे होते.

‘एक इंजेक्शन मारा आणि मोकळे करा’ हा मोह प्रत्येकाला होतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळालेले स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा बारीक पांढऱ्या गोळ्या यांनी रात्रीतून कातडी निवळते, परंतु परिणाम ओसरला की पित्त पूर्वीच्याच जोमाने परतते, आणि असे दर महिन्याला केल्यास साखर, रक्तदाब, हाडे आणि डोळे यांची किंमत मोजावी लागते. तीव्र झटक्यात थोड्या दिवसांसाठी डॉक्टर स्टेरॉइड देतात, ते वेगळे.

रात्री दोन वाजता अंग पेटते तेव्हा काय करावे, हेही सांगितले पाहिजे. पंखा वाढवावा, गार पाण्यात पिळलेला सुती पंचा दहा मिनिटे गांधींवर ठेवावा, कॅलामाइन लोशन लावावे आणि नखे कापलेली असावीत (गारठ्याने पित्त उठणाऱ्यांनी गार पंचा वगळावा). आमची आजी चार आमसुले वाटीभर पाण्यात कोळून ते पाणी अंगाला लावत असे, आणि मला त्याने आजही बरे वाटते. त्यात गार ओलाव्याचा वाटा मोठा असावा असे मला वाटते, त्यामुळे आमसूल घरात नसले तर खंत करू नये, आणि खाजवून सोललेल्या कातडीवर ते लावूच नये, कारण आंबट पाणी चरचरते. काही घरांत अशा वेळी घोंगडी पांघरवतात; लोकरीची टोचणी आणि ऊब या दोन्हींनी खाज वाढते, म्हणून ती रीत सोडून द्यावी.

पापणी किंवा ओठ सुजणे हे या आजारात बऱ्याच जणांना होते आणि ते एक-दोन दिवसांत उतरते. परंतु जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बदलणे, श्वास घ्यायला त्रास, चक्कर, किंवा गांधींबरोबर एकाएकी उलट्या सुरू होणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या वेळी गोळीचा गुण येण्याची वाट न पाहता 108 ला फोन करावा, रुग्णाला पाय उंच करून आडवे ठेवावे, श्वास लागत असेल तर बसू द्यावे, आणि रुग्णालयात पोहोचताच ॲलर्जीचा तीव्र झटका असल्याचे सांगावे, कारण तिथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असताना ओठ-जीभ सुजली, तर त्या गोळीचे नाव डॉक्टरांना न विसरता सांगावे, कारण अशी सूज त्या गोळीनेही येऊ शकते.

चौपट मात्रेनेही दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी ओमॅलिझुमॅब नावाचे इंजेक्शन आहे. ते बारा वर्षांवरील रुग्णांना साधारणपणे दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम त्वचेखाली दिले जाते. ते महाग आहे, म्हणून आरोग्यविम्यात बसते का हे आधी लेखी विचारून घ्यावे.

हा आजार बहुतेकांमध्ये काही वर्षांनी आपोआप शांत होतो, मात्र केव्हा ते सांगता येत नाही. वहीत सलग दोन-तीन महिने शून्यच पडत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा एकेक पायरीने कमी करावी आणि प्रत्येक पायरीवर तीन-चार आठवडे थांबावे. मी गेल्या फेब्रुवारीत गोळी दिवसाआड केली. दहाव्या दिवशी पोटरीवर सात गांधी उठल्या, पेनाने गोल काढले, वहीत एक गुण लिहिला आणि डॉक्टरांना फोन करून पुन्हा रोजच्या गोळीवर आले.